यंत्राने लिहिले, हक्क कोणाचा?

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात भातकुली येथे पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वकील व्याख्यानाला आला म्हणजे सातबारा, फेरफार आणि वारसनोंद यांवर बोलणार, अशी आपली समजूत असेल, आणि ती चुकीची नाही. अमरावतीच्या न्यायालयात माझे बहुतेक दिवस त्यातच जातात. आज मात्र मी एका अशा मिळकतीविषयी बोलणार आहे, जिचा सातबारा निघत नाही, जिला धुरा नाही, आणि तरीही कायदा जिला मिळकत मानतो. माणसाच्या हातून उतरलेले अक्षर, चित्र, कविता, चाल ही ती मिळकत. कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे आल्यापासून या मिळकतीचे धुरे पुसट झाले आहेत आणि त्याची झळ आपल्या गावापर्यंत पोचली आहे. कशी पोचली ते आधी सांगतो.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडी या तालुक्यातील एका खेड्याचे गृहस्थ माझ्याकडे आले. खारपाणातली थोडी जमीन, तूर आणि हरभरा हाच आधार. हातात दोन लग्नपत्रिका होत्या. पहिली त्यांच्या भाचीच्या लग्नाची. तिच्यावरची नावे आणि निमंत्रणाची ओळ त्यांच्या नववीत शिकणाऱ्या मुलीने स्वतः बोरू तासून, पानाच्या आकारात, उर्दू खतात लिहून दिली होती. मामेबहिणीचे लग्न, तेव्हा पैशाचा प्रश्न नव्हता. छापखानेवाल्याने त्या कागदाचा फोटो घेतला आणि पत्रिका छापली. पाच महिन्यांनी दुसऱ्याच एका घरची पत्रिका या गृहस्थांच्या हाती आली. तोच पानाचा आकार, तेच वळण, फक्त नावे निराळी. छापखान्यात जाऊन विचारले तेव्हा उत्तर मिळाले की, मी कोणाचे काही चोरले नाही. संगणकाला सांगितले, त्याने काढून दिले. यंत्राच्या कामाला मालक नसतो.

"वकीलसाहेब," ते मला म्हणाले, "हे अक्षर माह्या पोरीचं हाय. मशीनचं हाय असं कसं म्हन्ते हा?"

त्या मुलीची एक खोड आहे. तिच्या 'नून'च्या वाटीला शेवटी एक बारीक आकडी येते. उर्दूच्या शिक्षिकेने अनेकदा टोकले, पण ती काही जात नाही. दुसऱ्या पत्रिकेवर ती आकडी हुबेहूब होती. एवढेच नव्हे तर 'बे'च्या टोकालाही लावलेली होती, जिथे ही मुलगी कधीही लावत नाही. यंत्राने तिची चूक उचलली आणि चुकीच्या जागी वापरली. ही गोष्ट त्या मुलीनेच मला दाखवली, माझ्या लक्षात आली नसती.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. आपल्याकडे १९५७ चा प्रताधिकार कायदा आहे. पुष्कळांना वाटते की नोंदणी केल्याशिवाय प्रताधिकार मिळत नाही. तसे नाही. कृती निर्माण झाली, कागदावर उतरली, की त्याच क्षणी हक्क निर्माण होतो. नोंदणी हा फक्त पुराव्याचा भाग आहे. हा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. कर्ता अज्ञान असला, म्हणजे कायद्याच्या भाषेत १८ वर्षांखालचा असला, तरी हक्क त्याचाच; दावा करायचा झाला तर पालकामार्फत करायचा एवढाच फरक.

मात्र कायदा कल्पनेचे रक्षण करीत नाही, कल्पनेला दिलेल्या रूपाचे करतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद यांच्या खटल्यात हे स्पष्ट केले. त्यांच्या नाटकावरून चित्रपट काढला अशी त्यांची तक्रार होती. न्यायालयाने म्हटले की विषय एक असू शकतो, मांडणी उचलली आहे का ते पाहावे लागेल. आणि तो दावा आनंद हरले. म्हणून पत्रिकेवर पान काढण्याची कल्पना कोणाचीच नाही. नस्तालीक वळणही कोणाचे नाही, ते शतकानुशतके चालत आले आहे. पण त्या मुलीने तो बोरू धरून, त्या कागदावर, ती अक्षरे ज्या विशिष्ट रीतीने एकमेकांत बसवली, ते रेखाटन तिचे आहे.

इथवर प्रश्न सोपा. आता यंत्राकडे येऊ.

आपल्या कायद्यात संगणकाचा उल्लेख नाही, असे कोणी सांगत असेल तर त्याने १९९४ ची दुरुस्ती वाचलेली नाही. त्या दुरुस्तीने 'कर्ता' या शब्दाच्या व्याख्येत एक कलम घातले: संगणकाद्वारे निर्माण झालेल्या साहित्य, नाट्य, संगीत वा कलाकृतीच्या बाबतीत, ती कृती निर्माण होण्यास जी व्यक्ती कारण ठरते ती कर्ता. इंग्लंडने १९८८ च्या कायद्यात जवळपास अशीच तरतूद केली होती. आपल्या संसदेने हे शब्द लिहिले तेव्हा संगणक म्हणजे हिशेबाचे आणि टंकलेखनाचे यंत्र होते. एका ओळीची आज्ञा दिली की चित्र काढून देणारे यंत्र कोणाच्या स्वप्नातही नव्हते. तरी कलम आहे, आणि त्यातला 'व्यक्ती' हा शब्द महत्त्वाचा आहे. यंत्र ही व्यक्ती नव्हे. तेव्हा यंत्र स्वतः मालक होऊ शकत नाही, एवढे पक्के धरून चाला.

मग मालक कोण? शेतावरचे उदाहरण घ्या. आपण भाड्याने ट्रॅक्टर आणला, नांगरणी केली, पीक आले. ट्रॅक्टरवाला पिकात हिस्सा मागत नाही, त्याला तासाचे भाडे मिळाले. त्याच न्यायाने यंत्र बनवणारी कंपनी आपण काढून घेतलेल्या चित्राची मालक होत नाही. बहुतेक कंपन्यांच्या अटींतही तसेच लिहिलेले असते की निघालेला मजकूर तुमचा. पण विद्यार्थी मित्रहो, या वाक्यावर फार भिस्त ठेवू नका. कंपनी आपला हक्क सोडू शकते. जो हक्क कायद्याने निर्माणच झाला नाही तो ती आपल्याला देणार कुठून?

हक्क निर्माण झाला की नाही, हा खरा वादाचा मुद्दा. सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या प्रकरणात मौलिकतेची कसोटी ठरवली. प्रश्न असा होता की न्यायालयाचे निकाल छापताना प्रकाशकाने जे संपादन केले त्यावर त्याचा हक्क आहे काय. न्यायालयाने म्हटले की नुसती मेहनत आणि खर्च पुरेसा नाही. कौशल्य आणि विवेक वापरलेला हवा, थोडी तरी निर्मितिशीलता हवी. आता या कसोटीला आपली एक ओळीची आज्ञा लावून पाहा. 'सूर्यास्ताचे सुंदर चित्र काढ' असे टंकणाऱ्याने कोणते कौशल्य वापरले? माझ्या मते फारसे नाही, आणि अशा चित्रावर तो हक्क सांगायला गेला तर त्याची बाजू लंगडी पडेल.

सूर्यास्ताचे उदाहरण मी उगाच घेतले नाही. अंकित साहनी या वकिलांनी सूर्यास्ताचा स्वतः काढलेला फोटो 'राघव' नावाच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाला दिला, व्हॅन गॉग या चित्रकाराच्या प्रसिद्ध चित्राची शैली त्यावर चढवायला सांगितली आणि 'सूर्यास्त' नावाचे चित्र तयार झाले. आधी एकट्या यंत्राला कर्ता दाखवून केलेला अर्ज फेटाळला गेला. मग स्वतः आणि यंत्र असे दोघे सहकर्ते दाखवले तेव्हा नोव्हेंबर २०२० मध्ये आपल्या प्रताधिकार कार्यालयाने नोंदणी करून दिली. वर्षभराने त्याच कार्यालयाने ती मागे घेण्याची नोटीस काढली. अमेरिकेच्या कार्यालयाने डिसेंबर २०२३ मध्ये त्याच चित्राची नोंदणी अखेर नाकारली. आपल्या खात्याने आधी शिक्का मारला आणि मग विचार केला, ही गोष्ट तहसील कार्यालयाच्या पायऱ्या झिजवणाऱ्यांना नवी वाटणार नाही.

अमेरिकेत स्टीफन थेलर नावाच्या गृहस्थांनी यंत्रालाच एकमेव कर्ता म्हणून मान्यता मिळावी यासाठी वर्षानुवर्षे लढा दिला. मार्च २०२५ मध्ये तेथील अपील न्यायालयाने सांगितले की कर्ता माणूसच असावा लागतो. चीनमध्ये मात्र बीजिंगच्या इंटरनेट न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये एका वापरकर्त्याच्या बाजूने निकाल दिला. त्याने एकच ओळ लिहून चित्र घेतले नव्हते. पुष्कळ शब्द निवडले, बदलले, पुन्हा पुन्हा चित्र सुधारून घेतले. न्यायालयाने ती निवड त्याची बुद्धी मानली आणि ज्याने विनापरवाना चित्र वापरले त्याला ५०० युआन भरायला लावले. रक्कम किरकोळ आहे, तत्त्व किरकोळ नाही.

मला सर्वांत उपयोगी वाटतो तो अमेरिकेतील एका चित्रकथेचा निवाडा. कथा लेखिकेने लिहिली होती, चित्रे यंत्राने काढली होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये तेथील कार्यालयाने ठरवले की कथेचा मजकूर तिचा, चित्रे आणि शब्द ज्या क्रमाने मांडले ती मांडणीही तिची, पण सुटी चित्रे तिची नाहीत. म्हणजे बटाईच्या शेतासारखा हिशेब झाला: ज्याने जे घातले त्याचा तेवढा वाटा. परदेशातला निर्णय आपल्यावर बंधनकारक नसतो, पण आपल्या २००७ च्या कसोटीशी तो जुळतो, म्हणून मी विद्यार्थ्यांना हाच हिशेब लक्षात ठेवायला सांगतो. यंत्राची मदत घेतली म्हणून आपला सगळा हक्क जात नाही, आणि यंत्राने केलेला भाग आपण म्हटले म्हणून आपला होत नाही.

आता छापखानेवाल्याचे वाक्य पुन्हा आठवा. 'यंत्राच्या कामाला मालक नसतो.' आपण आत्ताच पाहिले की कधी कधी ते खरेही असू शकते. पण यंत्राने काढलेल्या वस्तूला मालक नसला म्हणून ती वस्तू ज्यातून काढली त्यालाही मालक नाही, असे कसे होईल? चोरीच्या सरकीचे तेल काढले आणि तेल कोणाच्या नावावर नाही असे म्हटले, तरी सरकीचा धनी दारात उभा असतोच. मुलीच्या कागदाची नक्कल करण्याचा, त्यावरून दुसरी कृती घडवण्याचा हक्क कायद्याने तिच्याकडे आहे. नक्कल हाताने केली, फोटोने केली की संगणकाने, हा प्रश्नच गैरलागू आहे.

हे एका मुलीच्या एका कागदाचे झाले. तो कागद यंत्राला नमुना म्हणून दाखवला गेला होता, म्हणून दोर सापडला. पण ही यंत्रे शिकतात कशी? लाखो पुस्तके, बातम्या, चित्रे, गाणी त्यांना पाजलेली असतात. जिनिंगमध्ये शंभर शेतकऱ्यांचा कापूस एका गंजीत पडतो, रेच्यातून जातो आणि गाठ बांधून बाहेर येतो. त्या गाठीत आपले बोंड कोणते, हे कोणालाच सांगता येत नाही. इथे यंत्रवाल्यांचा युक्तिवाद सुरू होतो की ओळखता येत नाही, म्हणून देणे लागत नाही. पण आपल्याला जिनिंगचा रिवाज ठाऊक आहे. गंजीत पडण्यापूर्वी गाडी काट्यावर जाते, वजन होते, काटापट्टी मिळते. बोंड ओळखता येत नाही म्हणूनच काटा आधी असतो. लेखकांच्या आणि चित्रकारांच्या बाबतीत गाडी काट्यावर न नेता थेट गंजीत उलटली गेली, ही त्यांची तक्रार आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेने ओपनएआय कंपनीविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल केला तो याच मुद्द्यावर: आमच्या बातम्या परवानगीवाचून यंत्राला शिकवण्यासाठी वापरल्या. डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या उद्योग व अंतर्गत व्यापार संवर्धन विभागाच्या समितीने एक मसुदा प्रसिद्ध केला. त्यात सुचवले आहे की कंपन्यांनी कायदेशीर मार्गाने मिळवलेला मजकूर यंत्राला शिकवण्यासाठी वापरावा, परंतु त्याबद्दल मानधन भरावे आणि ते एका मध्यवर्ती संस्थेमार्फत लेखक-कलावंतांना वाटले जावे. या योजनेत लेखकाला पैसे मिळतात, पण 'माझे देत नाही' असे म्हणता येत नाही. काटा आला, पण विकायचे की नाही हे ठरवण्याचा अधिकार गेला. मला हे अर्धेच मान्य आहे. शिवाय वाटप कोणाला होणार? मोठ्या संस्थांची नावे यादीत असतील. भातकुलीच्या कातिबाचे नाव त्या यादीत कोण घालणार?

कातिबांवरून आठवले. उर्दू वर्तमानपत्रे हाताने लिहून छापली जात, तो काळ येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांनी पाहिला आहे. १९८१ मध्ये पाकिस्तानातील मिर्झा अहमद जमील या खुशनवीसाच्या हातचे सुमारे २०,००० अक्षरजोड मोनोटाइप कंपनीच्या यंत्रात उतरवले गेले आणि नूरी नस्तालीक तयार झाले. आपल्याकडच्या संगणकांवर पुढे तेच वळण रुळले. आज आपण जो उर्दू मजकूर छापील पाहतो त्यात पुष्कळदा त्याच हाताची छाया असते. कातिबांची रोजी त्यामुळे गेली, हे दुःख खरे आहे. तरीही त्या व्यवहारात हात कोणाचा हे माहीत होते. माणसाने बसून लिहिले, कंपनीशी बोलणे झाले, नाव इतिहासात राहिले. आजच्या यंत्रात किती हात आहेत आणि कोणाचे, हे कंपनीही सांगत नाही.

अक्षरासारखाच आवाज. येथे आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने चांगली पावले टाकली आहेत. जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंग यांच्या दाव्यात न्यायमूर्ती छागला यांनी अंतरिम आदेश दिला. काही संकेतस्थळे अशी साधने देत होती की कोणीही काहीही गावे आणि ते अरिजित यांच्या आवाजात निघावे. न्यायालयाने ते थांबवले. सप्टेंबर २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या दाव्यात न्यायमूर्ती आरिफ डॉक्टर यांनी तसाच आदेश दिला. नव्वदी ओलांडलेल्या गायिकेला स्वतःच्या गळ्यावरचा हक्क सांगण्यासाठी न्यायालयात जावे लागले, यातच काळ किती बदलला ते दिसते. लक्षात घ्या, गाण्याच्या ध्वनिमुद्रणावर प्रताधिकार असतो, कलावंताला त्याच्या सादरीकरणाचाही हक्क असतो, पण आवाजाच्या जातीवर प्रताधिकार नाही. म्हणून न्यायालयांनी व्यक्तिमत्त्वाच्या हक्काचा आधार घेतला: नाव, चेहरा, आवाज, लकब यांचा धंद्यासाठी वापर त्या व्यक्तीच्या संमतीनेच व्हावा. हा हक्क कोणत्याही एका कायद्यात लिहिलेला नाही. न्यायालयांनी निवाड्यांतून तो घडवला आहे.

संमतीने काम कसे होते, याचेही उदाहरण आहे. जानेवारी २०२४ मध्ये 'लाल सलाम' या तमिळ चित्रपटाच्या गाण्यासाठी ए. आर. रहमान यांनी शाहुल हमीद आणि बंबा बाक्या या दोन दिवंगत गायकांचे आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेने पुन्हा उभे केले. त्यांच्या कुटुंबीयांची परवानगी घेतली आणि मोबदला दिला, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. शाहुल हमीद १९९७ मध्ये अपघातात गेले होते. मेलेल्या माणसाला गायला लावावे की नाही, यावर मतभेद होऊ शकतात. माझेच मत अजून ठरलेले नाही. पण विचारले तरी.

न विचारल्यास काय होते तेही पाहा. ऑगस्ट २०२५ मध्ये 'रांझणा' या चित्रपटाची तमिळ आवृत्ती पुन्हा प्रदर्शित झाली ती यंत्राकडून शेवट बदलून. मूळ चित्रपटात नायक मरतो, इथे तो वाचला. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि नट धनुष या दोघांनीही जाहीर निषेध केला. निर्मात्या कंपनीचे म्हणणे, चित्रपटाचे मालक आम्ही आहोत. मालक आणि कर्ता हे दोन वेगळे असू शकतात, हे यातून कळते. प्रताधिकार कायद्याच्या कलम ५७ मध्ये कर्त्याला असा हक्क आहे की हक्क विकून टाकल्यावरही कृतीवर आपले नाव राहावे आणि आपली प्रतिष्ठा जाईल अशी तिची मोडतोड होऊ नये. मुलांनो, कथा किंवा चित्र कोणाला विकाल तेव्हा हे कलम ध्यानात ठेवा. कागदावर सही करताना सगळेच देऊन टाकायचे नसते.

आपण म्हणाल, अरिजित सिंग आणि आशा भोसले मोठी माणसे, त्यांना मुंबईचे मोठे वकील मिळतात. आमच्या मुलीने करावे काय? प्रश्न रास्त आहे, आणि व्यक्तिमत्त्वाच्या हक्काचे हे आदेश आजवर नामवंतांनाच अधिक उपयोगी पडले, हे मी कबूल करतो. प्रताधिकाराच्या बाबतीत मात्र कायद्याने गरिबाची एक सोय केली आहे. कलम ६२ प्रमाणे दावा जिल्हा न्यायालयात चालतो, आणि कर्ता जिथे राहतो तेथील न्यायालयात तो दाखल करता येतो. प्रतिवादी बंगळूरचा असो की मुंबईचा, भातकुलीच्या माणसाला अमरावतीच्या पुढे जावे लागत नाही.

दाव्याला पुरावा लागतो. पूर्वी कच्चे कागद आपण चुलीत घालत असू. आता तसे करू नका. पहिला खर्डा, खाडाखोड केलेला कागद, बिघडलेला नमुना हे सारे तारीख घालून ठेवा. यंत्र एका फटक्यात पक्की वस्तू काढते. खाडाखोड माणूस करतो. तीच आपली काटापट्टी. कोणी फोटो मागितला तर कशासाठी ते विचारा, आणि 'फक्त या पत्रिकेसाठी' एवढे दोन शब्द लिहून घ्या किंवा मोबाइलवर संदेश पाठवून ठेवा.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी एकतर्फी वकील ठरेन. आपली मुलेही यंत्राकडून निबंध लिहून घेतात आणि खाली स्वतःचे नाव घालतात. मागच्या एका निबंधस्पर्धेत परीक्षक म्हणून मला तीन निबंध असे मिळाले की तिन्हींचा दुसरा परिच्छेद जवळजवळ एकच होता, आणि तिन्हींत वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या अंगणात नारळाची झाडे होती. नाव घातले की मालकी घेतली, आणि मालकीबरोबर जबाबदारी येते. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर प्राप्तिकर खात्याचा एक आदेश आला. त्यात तीन निवाड्यांचा आधार दिला होता आणि ते तिन्ही निवाडे अस्तित्वातच नव्हते. न्यायालयाने आदेश रद्द केला, प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवले आणि यंत्राने दिलेले उत्तर तपासल्याशिवाय वापरू नका अशी समज दिली. सही अधिकाऱ्याची होती, यंत्राची नव्हती. फेब्रुवारी २०२६ पासून केंद्राच्या नियमांप्रमाणे समाजमाध्यमांवरच्या कृत्रिम चित्रांवर, चित्रफितींवर आणि आवाजांवर तसे ठळक लिहिणे आवश्यक झाले आहे. शाळेच्या वहीला तो नियम लागू नाही. तरी 'या चित्राची किनार यंत्राकडून काढून घेतली, बाकी मी काढले' असे खाली लिहायला लाज कसली? असे लिहिणाऱ्या मुलाला शिक्षकांनी गुण कमी देऊ नयेत, ही माझी जाता जाता विनंती.

राहिली ती पत्रिका. आम्ही दावा केला नाही. मुलीचे वडील, मी आणि ती मुलगी असे तिघे छापखान्यात गेलो. तिने सरावाचे चौदा कागद बरोबर आणले होते, काहींवर शाई सांडलेली. तिने दोन्ही पत्रिका काउंटरवर ठेवल्या आणि 'बे'वरची आकडी दाखवली. मालक बराच वेळ पाहत राहिला. वाईट माणूस नव्हता. हे अक्षर कोणाच्या तरी हातचे आहे, आणि तो हात विचारल्यावाचून वापरता येत नाही, हेच त्याला ठाऊक नव्हते. त्याने तो नमुना संगणकातून काढून टाकला, वापराबद्दल काही रक्कम दिली आणि पुढे तिच्याकडून पत्रिका लिहवून घेईन, दर ठरवून घेईन, असे कागदावर लिहून दिले. आजवर दोन पत्रिका लिहवून घेतल्या आहेत. तिसरी त्याने पुन्हा यंत्राकडून काढली असे ऐकतो. नमुना कोणता दिला ते मी पाहिलेले नाही, पाहणार आहे.

बाहेर पडताना मुलीने मला विचारले की त्याच्या संगणकातून काढले, पण ते ज्या यंत्राला दाखवले होते, त्या यंत्रातून माझे अक्षर परत काढता येईल का. मी म्हटले, बेटा, ते कोठे गेले हे आपल्याला शोधता येणार नाही. ती काही बोलली नाही. आता ती प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात तारीख घालते. तिचे ते चौदा कागद संस्थेच्या परवानगीने मागच्या वर्गखोलीत टेबलावर मांडले आहेत. दोन्ही पत्रिकाही शेजारी आहेत, नावे झाकून. चहापानानंतर अवश्य पाहावे. ज्या पालकांच्या घरी असे लिहिणारी, चित्र काढणारी मुले आहेत त्यांनी तेथे मला भेटावे. लेखी परवानगीचा नमुना मी सोबत आणला आहे, त्याची प्रत घेऊन जावी.